सतरंजीवर राहिलेली सुपारी

बाबा, परवा माझं एक उत्तर चुकलं आणि ते तुझ्यामुळे चुकलं. तुला जाऊन चौदा वर्षं झाली. आता तुझ्या नावावर काहीही खपवलं तरी तू हरकत घेणार नाहीस, हे मला कळतं. पण हे खरंच तुझ्यामुळे झालं, म्हणून पहिल्यांदा तुलाच सांगते.

तुझी नात वकिली शिकते. तू तिला शेवटचं पाहिलंस तेव्हा ती सात वर्षांची होती आणि तुझ्या पिशवीत हात घालून आधी खाऊ शोधायची. कॉलेजच्या एका स्पर्धेसाठी तिला आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा अभ्यास करायचा होता. दोन देश भांडले की जिथे जातात, ते कोर्ट. तिचं पाठांतर व्हावं म्हणून तिच्या आत्यानं, म्हणजे मोहन्याला राहणाऱ्या माझ्या नणंदेनं, रोज सकाळी मोबाइलवर एक प्रश्न पाठवायला सुरुवात केली. नणंद नर्स होती, आता निवृत्त आहे, पण पहाटे उठायची आणि दुसऱ्यांना उठवायची सवय गेलेली नाही. ग्रुपमध्ये आम्ही चौघंच: ती, तिचा भाऊ म्हणजे माझा नवरा, मुलगी आणि मी. स्पर्धा होऊन गेली, मुलगी दुसऱ्या फेरीत हरली, तरी प्रश्न थांबले नाहीत. न्यायाधीश किती? पंधरा. एकदा निवडला की किती वर्षं? नऊ. एकाच देशाचे दोघं चालतात का? नाही. साध्या माणसाला तिथे खटला भरता येतो का? नाही, फक्त देशांना. उत्तरांच्या मागोमाग बाकीचं सगळं येतं. 'बरोबर. आणि दादानं बीपीची गोळी घेतल्याचं कळल्याशिवाय उद्याचा प्रश्न मिळणार नाही.' 'शेवग्याच्या शेंगा आल्यात, कोणी नेल्या नाहीत तर शेजारी वाटून टाकीन.' नवरा रोज डोळे मिटून 'क' लिहितो आणि आठवड्यातून दोनदा बरोबर येतो.

नणंदेनं एक नियम केलाय. ज्याचं उत्तर चुकेल त्यानं स्वतःबद्दलची एक अशी गोष्ट सांगायची, जी ग्रुपमध्ये कोणालाच माहीत नाही. नवऱ्यानं आतापर्यंत इतक्या गोष्टी सांगितल्यात की अलीकडे तो रचून सांगतो असा मला संशय आहे. मी फारशी चुकत नाही. निदान परवापर्यंत चुकत नव्हते.

परवाचा प्रश्न असा होता. दोन देशांचा वाद कोर्टात आला आहे आणि त्यातल्याच एका देशाचा न्यायाधीश तिथे बसलेला आहे. तो काय करतो? अ, उठून जातो. ब, बसून राहतो. क, दुसऱ्या देशाची परवानगी मागतो. मी चहा टाकत होते. एका हातानं 'अ' लिहिलं आणि साखरेचा डबा उघडला. नवऱ्यानंही आयुष्यात पहिल्यांदा 'क' सोडून 'अ' लिहिलं. तो तुला मानतो, हे तुला मी कधी सांगितलं नव्हतं. दहा मिनिटांनी नणंदेचं आलं, 'दोघंही चूक. वहिनी, तो उठत नाही, बसतो.' त्याखाली मुलीचं, 'आई, उलट दुसऱ्या देशाचा तिथे कोणी नसेल ना, तर त्यालापण आपला एक जज बसवायला मिळतो, त्या केसपुरता.' मी लिहिलं, हे कसलं कोर्ट? ती आतल्या खोलीतूनच ओरडली, "अगं, कोण कोणाचा ते सगळ्यांना माहीतच असतं ना! मग लपवायचं काय त्यात?" चहा उतू गेला. मला राग आला, आणि तो कोर्टाचा नव्हता, तुझा होता.

तो दिवस मी मुलीला कितीतरी वेळा सांगितलाय, पण दरवेळी तुझी बाजू उजळ करून. देवळाचा सभामंडप, लाल सतरंजी, तिच्यावर गावकीचे सात पंच. मधोमध पितळेची थाळी आणि प्रत्येक पंचापुढे एक सुपारी. मान्य असेल त्यानं आपली सुपारी थाळीत टाकायची, नसेल त्यानं ती जागच्या जागी राहू द्यायची. मी आणि आई पायरीवर बसलोय. मी तेवीस वर्षांची, ठाण्यात एका ऑफिसात टायपिंग करते, आणि मला मोहन्याच्या एका बौद्ध मुलाशी लग्न करायचंय. बायकांनी सभामंडपात चढायचं नसतं, म्हणून माझ्याच लग्नाचं बोलणं मी लोकांच्या पाठीकडे बघत ऐकतेय. पाटील विषय काढतात. आणि तू उठतोस. धोतर झटकतोस आणि म्हणतोस, "माजी पोर हाय. मना हितं बसता येनार नाय." माझ्याकडे न बघता तू पायऱ्या उतरतोस आणि खाडीच्या बाजूला चालायला लागतोस. मागून एक म्हातारा बोलतो, "ह्याला म्हनतात पंच."

तुझी सुपारी मात्र सतरंजीवर राहिली. तू ती खिशात टाकायला विसरलास, का ती गावकीची म्हणून ठेवलीस, देव जाणे. सगळ्यांचं झाल्यावर पाटलांनी मोजलं. थाळीत तीन, सतरंजीवर चार. कोणीतरी पुटपुटलं की हा माणूस तर उठून गेलाय, त्याची सुपारी कशी धरायची? पाटील म्हणाले, "थाळीत नाय ती थाळीत नाय." संपलं. हिच्या घरी जायचं नाही, हिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, गावातल्या कार्याला हिला बोलवायचं नाही. आज असं करणं गुन्हा आहे. तेव्हा तो ठराव होता, आणि तो मोडला तर आईचं आणि भावाचंही तेच झालं असतं.

तू तो ठराव पाळलास, आणि असा पाळलास की तुझ्यापुढे वकिलांनी हात टेकावेत. लग्न करून आम्ही वर्तकनगरला राहायला आलो तेव्हापासून महिन्यातून एकदा तू आमच्या सोसायटीच्या गेटपाशी येऊन उभा राहायचास. पिशवीत सुकट, कधी वालाच्या शेंगा, एकदा मोठा जाड्या मिठाचा पुडा, जणू ठाण्यात मीठ मिळत नाही. गेट म्हणजे घर नव्हे, असा तुझा अर्थ. मी पाण्याचा तांब्या घेऊन खाली आले की तू हात मागे घ्यायचास आणि समोरच्या टपरीवर जाऊन दोन सोडा मागवायचास, एक मला. आपण बाप-लेक उन्हात उभं राहून सोडा प्यायचो. मी म्हणायचे, "बाबा, वर चल की, कोण बघतंय इथे?" तू म्हणायचास, "मी बघतंय ना." अशी बारा वर्षं गेली. मग गावात बिल्डर आले, पंचांच्या घरांचे फ्लॅट झाले, गावकी कधी बंद पडली ते कोणाच्या लक्षातही आलं नाही. पण तोपर्यंत तू गेला होतास. मयताला मी आले तेव्हा मला कोणी अडवलं नाही. पाटलांच्या सुनेनं तर चहाही दिला.

मी मुलीला सांगत आले की आजोबा असे होते, स्वतःच्या लेकीसाठीसुद्धा नियम वाकवला नाही. तिनं ते कॉलेजच्या कुठल्या निबंधातही लिहिलं होतं. परवा संध्याकाळी तीच स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून विचारते, "आजोबा बसले असते तर?" मी म्हटलं, बसले असते तर काय, भाकऱ्या करपतील, सरक बाजूला. पण तिचा हिशोब बोटांवर होऊन गेला होता. "आई, तीन अधिक एक," ती म्हणाली. ग्रुपवर मी नियमाप्रमाणे एक फुटकळ गोष्ट लिहून टाकली, की मला कारलं आवडतं हे खोटं आहे. नणंदेनं लिहिलं, 'हे आम्हाला माहीत होतं, दुसरं सांग.'

काल मी आईकडे गेले. ती आता भावाच्या सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये गॅलरीत बसून असते आणि खाली जिथे मिठागर होतं तिथल्या पार्किंगवर लक्ष ठेवते. मी आडून न विचारता सरळ विचारलं, त्या दिवशी बाबा का उठले? तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी उशीरच केला होता. "चार घरांचा शब्द घेतला व्हता त्यानं," ती म्हणाली. "आठ दिवस रोज दिवेलागनीला एकेकाकडं जायचा. मना बोलला, चौघं आपल्या बाजूनं हायत, आथा मी बसलो नाय तरी चालंल. बसलो तर लोक बोलतील, बापानं पोरीला पास केली. तुला जल्माचं ऐकावं लागंल." मग चौथा? "फिरला आयत्या टायमाला." कोण? "मेला तो," आई म्हणाली, आणि तो विषय तिच्यापुरता संपला. मी म्हटलं, इतकी वर्षं मला सांगितलं का नाहीस? "शपथ घातलेली त्यानं. पंचानं आपल्याच पोरीसाठी दारं ठोठावली, असं कशाला सांगायचं लोकांना?"

हे मी मुलीला सांगितलं तेव्हा ती आधी खूप हसली. "म्हणजे आजोबांनी प्रचार केला आणि मग खुर्ची सोडली!" आणि मग तिचे डोळे भरून आले. माझे नाही आले. मी तुझ्यावर पुन्हा चिडले होते, पण वेगळ्या कारणानं. एवढं सगळं केलंस तर शेवटची सुपारी टाकायला काय झालं होतं? तुला चांगलंही दिसायचं होतं आणि लेकीचं कामही व्हायला हवं होतं. तुझ्या भोळेपणाला काय म्हणावं? असं बरंच मनात आलं. पण हे सगळं तुझ्यावर ढकलून मला झोप लागेना, कारण त्यात माझं एक खोटं आहे.

तू लहानपणापासून आमचा निवाडा कसा करायचास आठवतं? काकांच्या पोरानं माझ्या हातातून ओढून पाण्याचा माठ फोडला, तरी आधी मला रागवायचास, मग त्याला. आपलं पोर आहे म्हणून दोन शब्द जास्तच. भाऊ आणि मी गमतीनं म्हणायचो की न्याय हवा असेल तर दुसऱ्याच्या घरी जन्माला यायला हवं होतं. ते तेवीस वर्षांची होईपर्यंत माझ्या अंगात भिनलं होतं.

मी आजवर सगळ्यांना सांगत आले, नवऱ्याला, नणंदेला, मुलीला, की तू उठलास तेव्हा 'बाबा, बस' एवढे दोन शब्द माझ्या तोंडात आले होते, पण बायकांनी बोलायचं नसतं म्हणून मी ते गिळले. ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितलीय की ती मला आठवतेसुद्धा. नणंदेला ग्रुपवर अजून एक गोष्ट हवी आहे, आणि ही मी तिथे टाकणार नाही. हा कागद जाईल असा तुझा पत्ता नाही, म्हणून इथे लिहिते. ते शब्द माझ्या तोंडात नव्हते, बाबा. मला वाटलं होतं की तू बसलास तर सुपारी काही टाकणार नाहीस, उलट आपली पोर म्हणून दोन शब्द जास्तच बोलशील. तू पायऱ्या उतरलास तेव्हा मला बरं वाटलं होतं.