माहेरची मोरनी

हांसी, २ नोव्हेंबर १९८६

चि. संतरोस भाईचे अनेक आशीर्वाद.

आपली मोरनी म्हैस ट्रकने पाठवली आहे. सातवा महिना चालू आहे, जपून उतरवून घ्या. तुमच्या तराईतल्या म्हशी दोन-दोन वर्षं नुसती वैरण फस्त करतात. आमची वर्षाला वेत देते. आमच्या दाजींना, ओमबीरजींना म्हणावं, बघा आणि शिका.

खरी गोष्ट सासरी बोलू नकोस. आपल्या गल्लीत महिन्याभरात चार म्हशी दिवस भरायच्या आतच गाभडल्या. काकू म्हणते, कुणाची तरी वाईट नजर आहे. मोरनीला ती लागायच्या आत तिला गावाबाहेर काढली. आई सांगते, आठ वर्षांनी तुला दिवस गेलेत, तर मोरनी व्याली की रोज तांब्याभर धारोष्ण दूध पी. उकळलं की त्यातली ताकद जाते म्हणे.

माया आहे, ती अशीच राहू दे.
सूबेसिंह


रुद्रपूर, २१ नोव्हेंबर

ती. भाईस संतरोचा रामराम.

मोरनी आली तेव्हा सासूबाईंनी तिला टिळा लावून गूळ भरवला. पण मंगळवारी ती गाभडली. रेडकू मेलेलंच आलं, अंगावर धड केसही नव्हते. जार, म्हणजे वार, आतच अडकून राहिली. सासूबाईंचे हात संधिवाताने वाकडे, म्हणून मीच कोपरापर्यंत हात घालून ती काढली. पुरुष हुक्का ओढत लांबून सूचना करत होते. मला फार रडू आलं. ओमबीर म्हणाले, हरियाणाची राणी ट्रकला घाबरली.

दूध मात्र उतरलंय. आईला सांग, तांब्या चुकत नाही. आमची जुनी गाभण म्हैस कालपासून वैरणीला तोंड लावत नाही. तुमच्या गल्लीतली नजर ट्रकात बसूनच आली की काय!

बहिणीला विसरू नये.
संतरो


हांसी, ९ डिसेंबर

चि. संतरोस आशीर्वाद.

टपालाचा भरवसा नाही, म्हणून हे पत्र ट्रकवाल्या बलवानच्या हाती देतो आहे. वाचताक्षणी दूध बंद कर. गोठ्यात पाऊल टाकू नकोस.

सरकारी डॉक्टरांनी म्हशींचं रक्त नेलं होतं, आज निकाल आला. नजर नव्हती, रोग आहे. जारेतून, कच्च्या दुधातून तो माणसालाही होतो. डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणी गरोदर बाई आहे का. मी नाही म्हणालो. दारात पोचलो आणि तू आठवलीस. तुझं पत्र काढून पुन्हा वाचलं. कोपरापर्यंत, असं लिहिलं आहेस.

संध्याकाळी ताप येतो का? येत असेल तर मोठ्या दवाखान्यात जा, सासूबाईंना विचारत बसू नकोस. आईला अजून सांगितलेलं नाही, धीर होत नाही. मी उद्या निघतो. मला हव्या तेवढ्या शिव्या दे, पण एवढं ऐक.

तुझा अपराधी भाऊ,
सूबेसिंह


रुद्रपूर, ८ डिसेंबर (हांसी टपालाचा शिक्का: १३ डिसेंबर)

ती. भाईस संतरोचा रामराम.

तुझं पत्र नाही, म्हणून पुन्हा मीच लिहिते. जुनी म्हैसही गाभडली. तिची जारही मीच काढली, आता हात बसला आहे. रोज संध्याकाळी कणकण येते, कंबर धरते. सासूबाई म्हणतात, सहाव्या महिन्यात असं होतंच.

परवापासून बाळ हललेलं नाही. मामावर गेलंय, थंडी पडली की उठायचं नाव नाही. त्याला ताकद यावी म्हणून मी आता दोन तांबे पिते.

आईला सांग, तिचं सगळं ऐकते आहे.

भेटीची वाट पाहणारी,
संतरो