कपारीतली बाबांची जागा

मातोबो

प्रिय दादा,

तुमच्याकडे माल घेऊन येणाऱ्या झेन्झोच्या टेम्पोतून हे पत्र पाठवतेय. फोन का नाही केलास म्हणून ओरडू नकोस. फोनवर तू गप्प झालास की तू रागावलायस का लाईन तुटलीय, हेच मला कळत नाही. आणि हे बाबांबद्दल आहे, आईबद्दल आहे. नाताळात तिच्याशी भांडून तू जोहान्सबर्गला गेलास, त्यानंतर तिच्याशी एक शब्द बोलला नाहीस. 'मला कपारीत त्यांच्याशेजारी नको, अंगणातच पुरा,' एवढंच तर म्हणाली होती ती. त्यावर तू काय बोललास ते मी लिहीत नाही, तुझं तुला आठवत असेल. तिच्या पोटातली गाठ आता वरून हाताला लागते. दवाखान्याने घरी न्यायला सांगितलंय.

पाऊस सरल्यावर आपल्या कपारीत जुन्या काळच्या वस्तू शोधणारी खोदकामाची माणसं आली. बुलावायोच्या ग्वेबू बाई त्यांच्या प्रमुख. मी त्यांच्याकडे माती चाळायला लागले. हस, हस! लहानपणी माती खाते म्हणून मार खाल्ला, आता मातीचा पगार खाते. चाळणीत काय काय यायचं! सशांची हाडं, कासवाच्या पाठीचे तुकडे, शहामृगाच्या अंड्याचे मसुराएवढे मणी, आणि दगडाची पाती तर अशी धारदार की माझं बोट कापलं. एक दिवस मोठ्या हरणाचा जबडा हातात आला. बाई म्हणाल्या, हजारो वर्षांपूर्वी इथे बसून कुणीतरी हे खाल्लंय. आपण म्पोफू कुळाचे, हे हरण म्हणजे आपलं देवकच, ते आपण खात नाही! मी जबडा टाकला आणि राखेने हात घासायला लागले. बाई हसल्या, 'अगं, तुझ्या पूर्वजांनी नाही खाल्लं, त्यांच्याही कितीतरी आधीच्या लोकांनी.' म्हटलं, बाई, देवकाला तारखा कळत नाहीत.

आता तू विचारशील, बाबांची जागा तिथे आहे हे आधीच का नाही सांगितलंस? बाईंनी पहिल्याच दिवशी गावाला विचारलं होतं, इथे कुणाला पुरलंय का. सगळे गप्प, त्यात मीही गप्प. सवयच लागलीय ना आपल्याला. सैनिक बाबांना ट्रकमध्ये घालून घेऊन गेले, त्या वर्षी रडायलासुद्धा बंदी होती. मामाने रात्री त्यांचा देह आणून कपारीत पुरला, असं आई म्हणाली, आणि त्या कबरीबद्दल चकार शब्द काढलात तर जीभ कापीन, असं तिनेच आपल्याला बजावलं होतं. मला वाटलं, ही माणसं पुढेच खणतील, मागच्या भिंतीपर्यंत काही यायची नाहीत. पण आली.

मंगळवारी सकाळी मातीतून राखाडी घोंगडीचा तुकडा वर आला. मग इनॅमलच्या कपाचा कान. निळ्या काठाचा, बाबांचाच. मी चाळणी फेकली आणि खड्ड्यात उडी मारली. 'हात लावाल तर हात मोडीन! माझा बाप आहे तो!' सगळे जागच्या जागी थिजले. ग्वेबू बाईंनी टोपी काढली, बाकीच्यांना कपारीबाहेर पाठवलं आणि माझ्या शेजारी गुडघे टेकून बसल्या. म्हणाल्या, 'तुझ्यासमोर एकदा बघते आणि झाकून टाकते.' घोंगडी त्यांनी अगदी हलक्या हाताने उचलली. आतली माती ब्रशने झाडून पाहिली. शेवटी म्हणाल्या, 'खांगे, ही शेळी आहे गं.'

मी त्यांना नाही नाही ते बोलले. पण शिंगं दिसत होती रे दादा. कुशीवर निजवलेली, पाय पोटाशी दुमडलेले, आपल्या माणसांना निजवतात तश्शी. खाल्लेल्या जनावराची असतात तशी तुटकी हाडं नव्हती, सगळी सलग. बाईंनी एकही हाड पिशवीत भरलं नाही. आपल्या हातांनी माती परत लोटली.

घरी आले तर आई उन्हात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. माझ्या गुडघ्यांवरची माती पाहिली आणि म्हणाली, 'निघाली का शेळी?' असा संताप आला मला! 'इतकी वर्षं आम्हाला शेळीपुढे ज्वारीची बिअर ओतायला लावलीस? दादा येतो तो आधी तिथे जातो, मग घरी येतो!' ती म्हणाली, 'ओरड, पोटभर ओरड. देह मिळाला नाही की त्याच्या जागी शेळी पुरतात, ही काय मी शोधून काढलेली रीत आहे? तुझा बाप मला कुणी परत दिलाच नाही. तुझा भाऊ रोज रस्त्यावर जाऊन बसायचा, जेवायचा नाही. त्या पोराला रडायला एक जागा हवी होती. मामाने शेळी आणली, मी घोंगडी दिली. आता मला सांग, मरून मी शेळीशेजारी कशाला झोपू?' असं म्हणून हसली, आणि हसता हसता पोट धरून वाकली.

दादा, तू तिला म्हणालास की तिला नवऱ्याची किंमत नाही, कबरीवर कधी एक फूल नेलं नाही. बघ, लिहिलंच शेवटी. मामाने मला पुढचं सांगितलं. तो ट्रक पलीकडच्या बंद पडलेल्या सोन्याच्या खाणीपाशी रिकामा झाला. माणसांना खाणीच्या खोल विहिरीत ढकललं. बाबा तिथे आहेत. आईला हे पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. लाकडं आणते म्हणून ती तिकडे जायची ना, तासन् तास? आपल्या दाराशी गरजेपेक्षा कितीतरी मोठा लाकडांचा ढीग असायचा आणि आपल्याला कधी प्रश्नसुद्धा पडला नाही.

म्हणून हे लिहितेय. बाबांच्या आत्म्याला तिथून घरी आणायला अजून कुणी हाकच मारलेली नाही. ते थोरल्या मुलाचं काम, आई किंवा मी करून चालत नाही. रानबोरीची फांदी घेऊन खाणीच्या तोंडाशी जा, त्यांचं नाव घे, म्हण, चला घरी. ते फांदीवर बसून येतील, म्हणून बसमध्ये त्यांचं वेगळं तिकीट काढ, कंडक्टर कुरकुरला तर कुरकुरू दे. पण आधी घरी ये. तिला माफी नकोय, ती फक्त रोज विचारते, गाडी आली का. तिच्याजवळ बस, बोलायचं ते सगळं बोलून घे आणि मगच खाणीवर जा. फांदी हातात घेतली की अंगणात टेकवेपर्यंत जिवंत माणसाशी बोलायचं नसतं, तुला ठाऊक आहे. आणि तू बाबांना घेऊन पोचशील तोवर ती तुझं ऐकायला असेल की नाही, मला खरंच सांगता येत नाही.

तुझीच,
खांगे