शनिवार-रविवार सोडून

॥ श्री ॥
कुरवंडे, ता. मावळ
सोमवार, १५ जानेवारी २०२४

चि. प्रेरणा हिस,
आबाचे उदंड आशीर्वाद. वि. वि.

पोहोचल्याचं तुझं पत्र मिळालं. तू वहीच्या पानावर लिहायचं, त्याचा फोटो धाडायचा, तुझ्या पप्पानं तो लोणावळ्यातून कागदावर छापून आणायचा, आणि माझं लिहिणं तुझ्या मम्मीनं मोबाइलवरनं पाठवायचं, असं हे आपलं घरचं टपालखातं. काय करणार, फोनवर तू कितीही ओरडलीस तरी माझ्या कानात नुसता वारा येतो. डाव्या कानाशी तोंड आणून कुणी बोललं तर थोडंफार समजतं. बत्तीस वर्षं घाटात गँगमन म्हणून लाईन सांभाळली, गाड्यांनी कान खाल्ले. पण त्याच लाईनवरच्या पाट्या वाचत अक्षरं शिकलो, म्हणून रेल्वेवर माझा राग नाही.

तू श्रीलंकेत मनानं आजारी असलेल्या बायकांची सेवा करायला गेलीस, तेही बिनपगारी, हे गावात कुणाला पटत नाही. महिपती विचारत होता, रावणाच्या मुलखात पोरगी एकटी कशी धाडली? मी म्हटलं, आमची पोरगी गेलीय, आता काळजी रावणानं करावी.

इकडं सगळं ठीक. आदिनाथनं, म्हणजे तुझ्या पप्पानं, घरामागच्या वावरात आणखी दोन तंबू वाढवले. आता सहा झाले. शनिवार-रविवार पुण्या-मुंबईची माणसं नागफणीचा डोंगर चढायला येतात, वावरात शेकोट्या करतात. तुझी आजी बरी आहे. विसरणं थोडं वाढलंय. पाहुण्यांत जाऊन प्रत्येकाला विचारते, आमच्या कोंबड्या कुटं पाहिल्या का? कोंबड्या आपण मोडून सहा वर्षं झाली. पाहुणे हसतात, फोटो काढतात. म्हणून शनिवार-रविवार तिला मागच्या खोलीत ठेवतो. कडी बाहेरनं घालतात, पण मी आत तिच्याजवळच असतो, तू मनाला लावून घेऊ नको. दुपारी माझा डोळा लागला आणि ती उठून गेली तर मला ऐकू येत नाही. म्हणून तिच्या पदराला सुतळी बांधतो आणि दुसरं टोक माझ्या मनगटाला. दिवसातनं वीसदा ओढ बसते. वय झालं, हात भरून येतो, बाकी काही नाही.

तिथली रेल्वे कशी आहे ते कळव. रुळाखालचे स्लीपर लाकडाचे की सिमेंटचे?

आहे तो लोभ राहू दे, वाढला तर आम्हाला जड होणार नाही.
तुझा,
आबा (रखमाजी)

एल्ला, श्रीलंका
रविवार, २८ जानेवारी २०२४

तीर्थरूप आबांना,
शि. सा. न. वि. वि.

आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर. काही स्लीपर लाकडाचे, काही सिमेंटचे. मी खाली उतरून, वाकून बघितले. माझ्याबरोबरच्या मुली म्हणाल्या, हिला डोंगर बघायचे नाहीत, लोखंड बघायचंय. मी म्हटलं, ऑर्डर वरून आहे.

आमचं काम सोमवार ते शुक्रवार. सकाळी गाडी आम्हाला कोलंबोच्या बाहेरच्या हॉस्पिटलात सोडते. मोठं आवार आहे, चाफ्याची झाडं आहेत. आम्ही बायकांसोबत चित्रं काढतो, चेंडू खेळतो, गाणी म्हणतो. भाषा येत नाही, पण ताल धरायला कुठे भाषा लागते? सोमावती नावाच्या आजी आहेत, अगदी आपल्या आजीच्या चणीच्या. माझे केस विंचरल्याशिवाय त्या कामाला हात लावू देत नाहीत. आणि सोमवारी आमची गाडी दिसली की या बायका अक्षरशः उड्या मारतात. इतक्या आनंदी असतात सगळ्या की मला वाटतं, आजारी नक्की कोण, त्या की आम्ही?

शुक्रवारी चारला सुटलो की भटकंती. कँडीला बुद्धाच्या दाताचं मंदिर बघितलं, सिगिरियाचा खडक चढले. खडक म्हणजे आपली नागफणीच, पण पायऱ्या बांधलेल्या. आबा, पुढच्या वेळी तुम्हाला आणि आजीला घेऊन येईन. सुतळी सोडा हो हाताची, सूज येईल.

आजीला माझा गालगुच्चा. लोभ नेहमीपेक्षा मूठभर जास्त असू द्या.
आपली,
प्रेरणा

॥ श्री ॥
कुरवंडे
मंगळवार, ६ फेब्रुवारी २०२४

चि. प्रेरणा हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

एक गोष्ट विचारायची आहे, म्हणून आज थट्टा कमी.

परवाच्या रविवारी जेवताना मी सुतळी सोडली आणि ती परत बांधायचं विसरलो. कडीही कुणाकडनं तरी उघडी राहिली. एका पाहुणीचं दीड वर्षाचं पोर वावरात खेळत होतं. तुझ्या आजीनं ते उचललं आणि गोठ्यात जाऊन बसली. अर्धा तास सगळे शोधत होते, ती बाई छाती पिटून रडत होती. सापडली तेव्हा तुझी आजी त्याला दुधात भाकरी कुस्करून भरवत होती आणि पोर मजेत खात होतं. पण ती त्याला सोडेना. म्हणे, माझा आदिनाथ हाय, न्हाई देणार. खरा आदिनाथ समोर हात जोडून उभा होता. शेवटी हाताची बोटं सोडवावी लागली. त्या बाईच्या नवऱ्यानं पोलिसांचं नाव काढलं आणि मोबाइलवर लिहून टाकलं की इथं लेकरं घेऊन येऊ नका.

आदिनाथचंही डोकं फिरायची पाळी आलीय, त्याला बोल लावत नाही. त्याला पुण्याच्या पलीकडं एक केंद्र समजलंय, अशा माणसांना सांभाळणारं. मी नाहीच म्हणत होतो. तर त्यानं तुझं मागचं पत्र आणलं आणि माझ्या कानाशी बसून मोठ्यानं वाचलं, चाफ्याची झाडं, गाणी, उड्या मारणाऱ्या बायका. म्हणाला, आबा, तुमच्या नातीनंच लिहिलंय, घरी कडी लावून ठेवण्यापेक्षा हे बरं न्हाई का?

तू या विषयात शिकलेली, तू डोळ्यानं बघतेस. तुझ्या तिथल्यासारखं असेल तर रतनला, तुझ्या आजीला, तिथं ठेवावं का? तू सांगशील तसं करीन. खरं सांगू का, पोरी, मी दमलोय.

उत्तराची वाट बघतो. माया पातळ होऊ देऊ नको.
आबा

गॉल, श्रीलंका
रविवार, ११ फेब्रुवारी २०२४

तीर्थरूप आबांना,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. समुद्रावर बसून घाईत लिहितेय, गाडी सुटायची वेळ झालीय.

आबा, यात लाज वाटण्यासारखं काही नाही. शिकलेल्या माणसांच्या हाती आजीला सोपवणं म्हणजे तिला टाकणं नव्हे. माझ्या हॉस्पिटलात बघते ना मी, बायका घरापेक्षा तिथे रमतात. जागा स्वच्छ असेल, माणसं मायेची असतील तर जरूर ठेवा. तुम्ही आडवे पडलात तर दोघांचं कोण करणार? पप्पांनाही सांगा, प्रेरणाचा होकार आहे.

इथे लाल सूर्य पाण्यात बुडतोय, मागे जुना किल्ला आहे. फोटो मम्मीला पाठवलेत. काळजी नको. लोभ आहेच, तो असाच ठेवावा.
आपली,
प्रेरणा

कोलंबो
सोमवार, २६ फेब्रुवारी २०२४

तीर्थरूप आबांना,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र पप्पांनी मिळाल्या मिळाल्या छापून तुमच्या हातात द्यावं. मी तुम्हाला चुकीचं सांगितलं.

शुक्रवारी इथे पौर्णिमेची सुट्टी होती, सगळे तीन दिवस भटकायला गेले. मला ताप होता म्हणून मागे राहिले. शनिवारी बरं वाटलं, तेव्हा एकटीच हॉस्पिटलात गेले. आबा, हे दुसरंच ठिकाण होतं. चित्रांचे कागद, रंग, चेंडू सगळं कपाटात कुलपात. आम्ही शुक्रवारी निघालो की ते आत जातं, आम्ही सोमवारी आलो की बाहेर येतं. गाणी नाहीत. बायका खाटांवर भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. नर्स वाईट नाहीत, पण दोघीजणी आणि बायका साठ. त्या तरी काय काय करतील?

सोमावती आजी पांढरी धुतलेली साडी नेसून फाटकाच्या गजांना धरून उभ्या होत्या. नर्सला इंग्रजीत विचारलं. ती म्हणाली, भेटीचा दिवस ना, नऊ वर्षं अशाच उभ्या राहतात, घरच्यांनी पत्ता बदलला. मग नर्सनं आणखी एक सांगितलं. शुक्रवारी तुमची गाडी गेली की या बायकांना वाटतं, ह्याही गेल्या, आता येणार नाहीत. दर शुक्रवारी वाटतं. सोमवारच्या उड्या आम्ही परत आल्याच्या आहेत, आबा. मी त्यांना आनंदी म्हणून तुम्हाला लिहून कळवत होते.

सगळीच केंद्रं अशी असतील असं नाही. पण मी पाच दिवसांचं बघून सात दिवसांचं सांगितलं. आजीला पाठवू नका. पाठवायचंच झालं तर आधी कुणीतरी रविवारी जाऊन बघा.

क्षमा मागायला तोंड नाही, तरी मागते. लोभ उरला असेल तेवढा असू द्यावा.
प्रेरणा

॥ श्री ॥
कुरवंडे
रविवार, ३ मार्च २०२४

चि. प्रेरणा हिस,
आबाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा तुझ्या आजीला नेऊन अकरा दिवस झाले होते. सोळा तारखेला, शुक्रवारी नेलं. कागदावर सही माझी. तिथं झाडं आहेत, फरशी पुसलेली आहे, खोटं बोलणार नाही. त्यांनी सांगितलं, पंधरा दिवस कुणी भेटायचं नाही, म्हणजे माणूस रुळतं. घरी आलो आणि दोन दिवस मेल्यासारखा झोपलो. कित्येक महिन्यांत तशी झोप नव्हती. जागा झालो तेव्हा त्या झोपेचीच लाज वाटली. हे तुझ्या मम्मीच्या हातनंच जाणार आहे, वाचू दे तिला.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. बुधवारी पहाटेची एसटी धरून एकटाच गेलो. आदिनाथला सांगितलं नाही, सांगितलं असतं तर त्यानं अडवलं असतं. केंद्राचा वॉचमन काय बोलला ते मला ऐकू आलं नाही, ते एक बरं झालं. आत सोडत नव्हते. मी फाटकाशी बसून राहिलो. घाटात धुक्यात रुळावर बसून दिवस काढलेत, तिथं तर सावली होती. संध्याकाळी धर्मशाळेत पडलो आणि गुरुवारी सकाळी पुन्हा तिथंच. तेव्हा त्यांच्या मॅडम बाहेर आल्या. मी कागदावर लिहून दिलं की ठेवायची सही माझी होती, न्यायची सहीही मीच करतो.

तुझ्या आजीला बाहेर आणलं. केस बारीक कापलेले. माझ्याकडं बघून काहीतरी बोलली. मला समजलं नाही म्हणून तिथल्या सिस्टरनं चिठ्ठीवर लिहून दिलं. लिहिलं होतं, आजी विचारतायत, भाऊ, तुमी कुरवंड्याकडं जाताय का? मला बी न्या, आमचं मालक वाट बघत असतील.

मी मान हलवली, व्हय, तिकडंच जातोय. एसटीत ती खिडकीशी बसली आणि मधे पिशवी ठेवली, परक्या पुरुषाशेजारी बसताना चांगल्या घरची बाई ठेवते तशी. मीही परक्यासारखा अंग चोरून बसलो. कामशेतपर्यंत पाय अवघडले.

आदिनाथनं आपणहून या शनिवार-रविवारचे पाहुणे नाही म्हणून कळवले. म्हणाला, फक्त येवढाच आठवडा, आबा. बरोबर आहे त्याचं, त्याच्यावर घर चालतं. पुढच्या शनिवारपासून मीच तिला घेऊन बाहेर पडेन. शिरगावला साईबाबांच्या देवळात जाऊ, नवलाख उंबऱ्याला माझ्या बहिणीकडं, रेणुकाकडं, मुक्काम करू. हिंडायचा मक्ता काय पाहुण्यांचाच आहे? जमेल तितकं करीन. कितपत जमेल ते माहीत नाही.

तुझ्यावर राग नाही. तू बघितलंस ते लिहिलंस, मला हवं होतं ते मी वाचलं. तुझे तीन आठवडे राहिलेत, ते पुरे करून ये. शनिवारी त्या सोमावतीबाईंकडं जात जा. डोंगर कुठं जात नाहीत.

घरी पोचल्यावर तुझी आजी चुलीपाशी गेली. तुझी मम्मी सविता तिला धरायला धावली, पण तिनं नीट चहा टाकला. मग माझ्या डाव्या कानाशी येऊन म्हणाली, भाऊ, लय उपकार झालं, चा घिऊन मगच जावा. मी चहा घेतला.

अजून गेलेलो नाही.

लोभ होता तसाच आहे, त्याला काही झालेलं नाही.
तुझा,
आबा