ठेकेदाराचा सुळा

प्रिय भुंगाबाई,

तुझ्या आईचा गुडघा आता बरा आहे. जिना चढते. उतरताना मात्र प्रत्येक पायरीवर माझ्या नावाने काहीतरी पुटपुटते, म्हणजे तब्येत सुधारली असं समजायला हरकत नाही. समोरच्या शिंपीकाकांनी नवा चष्मा घेतला आणि दुसऱ्या दिवशी स्वतःची शिलाई नीट पाहून म्हणाले, "अरे, एवढी वर्षं लोकांनी हे अंगावर घातलं तरी कसं?" हे सगळं मी फोनवरही सांगू शकलो असतो. पण मला जे सांगायचं आहे, ते फोनवर ओठापर्यंत येऊन मागे फिरतं. म्हणून कागद घेतला. गावच्या शाळेत आमचे गुरुजी म्हणायचे, बोलायला जड जाईल ते लिहून टाका, हाताला तोंडापेक्षा लाज कमी असते. चार कागद फाडून झाल्यावर आज वाटतंय, गुरुजींनी कधी असलं काही लिहिलं नसावं.

तुझ्या टेबलावर जी कवटी आहे, ती आपल्या ठेकेदाराची नाही.

लिहिलं एकदाचं. यापुढे तू माझ्यावर कधी विश्वास ठेवशील की नाही, मला माहीत नाही. पण पत्र शेवटपर्यंत वाच, एवढंच मागणं.

ठेकेदार कुत्र्याचं पिल्लू म्हणून आपल्याकडे आला तेव्हा तू तीन वर्षांची होतीस. त्याला हे नाव आपण दिलं नाही, ते तुला आठवत नसेल. गल्लीत नळासाठी खड्डा खणायला माणसं आली की हा मातीच्या ढिगावर बसून काम संपेपर्यंत हलत नसे. मजूरच म्हणायला लागले, "चला रे, हात चालवा, ठेकेदार आले." त्याचा डावा वरचा सुळा अर्धा तुटला, तो पोस्टमनच्या सायकलच्या पेडलला दात मारताना. पोस्टमन बिचारा आपल्या दारात उभा राहून म्हणत होता, "बाई, पेडल वाकलंय, पण जाऊ द्या, त्याचंही नुकसान झालंय." तू त्या सुळ्याला बोट लावून झोपायचीस.

तेरा वर्षांनी तो गेला. तोवर तुझं हाडांचं कपाट भरत आलं होतं: घुबडाच्या ओकारीतले उंदराचे जबडे, मुंगसाची कवटी, ती घोरपडीची शेपटी, जिचा मणी न् मणी तू क्रमाने ओवला होतास. तुझी आई म्हणायची, "या घरात माणसांना पाय पसरायला जागा नाही आणि मेलेल्यांना आरसा लावलेलं कपाट." ठेकेदाराला मागच्या अंगणात पुरताना तू रडली नाहीस. त्याची जेवायची लोखंडी थाळी त्याच्या डोक्याशी पालथी ठेवलीस आणि मला म्हणालीस, "बाबा, दोन वर्षांनी त्याला काढून तुम्ही साफ करायचं. दुसऱ्या कुणी नाही." मी हो म्हणालो. कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागाच्या संग्रहालयात मी बावीस वर्षं हेच काम करतोय. हाडं धुणं, पांढरी करणं, दात चिकटवणं, खाली नंबर लिहिणं. त्या दिवशी मला त्या कामाचा अभिमान वाटला, तसा तोवर कधी वाटला नव्हता.

तू पशुवैद्यकीच्या शिक्षणाला निघायच्या दोन महिने आधी मी त्याला काढलं. हाताने माती बाजूला केली. काम सुरू करण्याआधी नेहमीसारखे हात जोडले, कारण माझ्या हातात येणारा प्रत्येक जीव कुणीतरी घडवलेला आहे आणि मी फक्त पुसणारा आहे, असं मी मानतो. पाच आठवडे साबणाच्या कोमट पाण्यात ठेवलं. तीन दिवसांनी पाणी बदलायचं, तेलाचा तवंग काढायचा, पुन्हा ठेवायचं. मग पेरॉक्साइड. सगळं हाड हळूहळू उजळत गेलं. फक्त कपाळावर, दोन्ही डोळ्यांच्या मध्ये, पाच रुपयांच्या नाण्याएवढा तांबूस काळा डाग तसाच राहिला. तो तुझ्या थाळीचा गंज होता. हाडात उतरलेला गंज पेरॉक्साइडने जात नाही, हे मला पहिल्या वर्षापासून माहीत आहे. तो तसाच ठेवून कवटी तुला दिली असती, तर तू त्याच डागावर हात फिरवत बसली असतीस, हेही मला माहीत होतं.

पण मला तो नको होता. तू निघायला तीन दिवस राहिले होते. तू कवटी हातात घेऊन पाहशील, एकही डाग सापडणार नाही आणि म्हणशील, "बाबा, काय काम केलंय!" एवढं एकच चित्र माझ्या डोक्यात होतं. वर्षानुवर्षं मी विद्यार्थ्यांना बजावत आलोय की हाड उकळायचं नाही आणि ब्लीचिंग पावडर तर त्याला दाखवायचीसुद्धा नाही. ती डाग सोडून हाडच खाते, आणि धुतल्यावरही खात राहते. आणि मी, मी स्वतः, बाथरूममधली पावडर बादलीत कालवली आणि ठेकेदाराला त्यात बुडवून कामावर गेलो. तासाभराने येऊन काढणार होतो. कॉलेजात तपासणीचे पाहुणे आले, ते जाईपर्यंत दिवस गेला.

घरी येऊन बादलीत हात घातला, तर नाकाडाकडचा भाग ओल्या खडूसारखा बोटांत विरघळला. उचलायला गेलो, तर कवटीच्या शिवणी उसवल्या. दात तळाशी पडले होते. आणि सांगू? कपाळाचा तुकडा हाती आला, त्याच्यावर डाग जसाच्या तसा होता.

तुझी आई तेव्हा तुझी बॅग भरत होती. मी तो चुरा फडक्यात गुंडाळला आणि अंगणात परत पुरला. ठेकेदाराची माफी मागितली. मेलेल्या कुत्र्याची माफी मागणं सोपं असतं गं. आत तू होतीस, दहा पावलांवर, आणि मला दहा पावलं टाकता आली नाहीत.

यापुढचं लिहिताना पेन थांबतंय. आमच्या कॉलेजच्या कोठीत मोडीत काढलेल्या, नंबर नसलेल्या हाडांची एक पेटी आहे. त्यात साधारण त्याच मापाची एक कुत्र्याची कवटी होती, स्वच्छ, पांढरी. दुसऱ्या दिवशी न विचारता ती घरी आणली. तिचे दात टोकदार होते, कोवळ्या वयाच्या कुत्र्याचे. ठेकेदाराचे झिजून सपाट झालेले. ते मी पाहिलं, आणि मनाशी म्हटलं, हिला अजून यातलं कळत नाही. तेच शिकायला निघालेल्या माझ्या मुलीच्या अज्ञानावर मी भिस्त ठेवली. मग कानस घेतली आणि डावा वरचा सुळा अर्धा कापला. कुणा दुसऱ्या जिवाचा चांगला दात. त्या वेळी हात जोडायची माझी हिंमत झाली नाही.

तू कवटी हातात घेतलीस, पहिलं बोट त्या सुळ्यावर गेलं आणि तुला रडू फुटलं. दोन वर्षं साठवलेलं. तू विचारलंस, "थाळीचा डाग कसा पडला नाही?" मी म्हणालो, "पडला होता, काढला. वेळ लागला." तू माझ्या हातांवर डोकं टेकवलंस. ते हात मी अजून नीट पाहू शकत नाही.

ठेकेदाराचा खरा सुळा मात्र मला मातीत पुरता आला नाही. तो मी देवाच्या तसबिरीमागे कापसात ठेवला आहे. वर्षभराने धूळ पुसताना तो तुझ्या आईला सापडला आणि तिने सगळं माझ्याकडून काढून घेतलं. ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "रोज इथे डोळे मिटून बसता. एकदा पोरीपुढे उघडा." त्यानंतर तू सुट्टीवर आलीस की ती माझ्याकडे पाहायची, आणि तू परत गेलीस की पाहायची नाही. मी दर वेळी ठरवायचो. तू दारात यायचीस, बूट काढता काढताच प्रश्नांची भुणभुण सुरू करायचीस, "बाबा, चरबी जास्त असेल तर पाणी किती दिवसांनी बदलायचं? बाबा, चिकटवायला कुठला डिंक चांगला?" आणि मी गुरूसारखा उत्तरं देत बसायचो. तो सुळा तुला हवा असेल तर तुझा आहे. आज पाकिटात घालायला हात धजला नाही.

आता हे आज का लिहिलं, ते. परवा तू फोनवर किती शांत बोलत होतीस! तू ठेकेदाराच्या कवटीवर लिहिलेला अहवाल वाचून तुमच्या सरांनी सगळ्या वर्गासमोर ती भिंगाखाली धरून सांगितलं की हे कुत्रं अडीच वर्षांचं आहे आणि सुळा ते मेल्यानंतर कानशीने कापलाय, रेघा दिसतायत. तू उभी राहून म्हणालीस, हे होणं शक्य नाही, माझ्या बाबांनी ती स्वतः साफ केली आहे. वर्ग हसला. रचलेल्या गोष्टीवर अहवाल लिहिल्याबद्दल सोमवारपर्यंत माफी माग असं सर म्हणाले, आणि तू मागणार नाहीस म्हणालीस. मग मला म्हणालीस, "बाबा, तुम्ही फक्त दोन ओळी लिहून सही करून पाठवा, की ती आपल्या ठेकेदाराचीच आहे. तुमचं नाव खाली असलं की बस." आणि मी, शरम वाटायला हवी मला, मी "बरं" म्हणालो. त्या दोन ओळी सोबतच्या वेगळ्या कागदावर आहेत: कवटी दुसऱ्या कुत्र्याची, सुळा मी कापला, मुलीला यातलं काहीही ठाऊक नव्हतं. सही पूर्ण नावाची आहे. तुमच्या सरांचं निदान शंभर टक्के बरोबर आहे. त्यांच्याकडून शिकण्यासारखं खूप असेल, माझ्यापायी त्यांच्यावर राग धरू नकोस. तो कागद तू नेऊन द्यायचा नाहीस. मी रविवारच्या गाडीने येतोय. तुझ्या वसतिगृहाच्या फाटकाबाहेर बाकावर बसेन. भेटावंसं वाटलं नाही तर खाली उतरू नकोस, मी समजेन. सोमवारी मात्र तुमच्या वर्गात मीच उभा राहणार आहे. पोरांना हसायचंच असेल, तर या वेळी त्यांनी बरोबर माणसाला हसावं.

तुझाच, अजूनही म्हणू देशील तर,
बाबा