ब्रिताबाईंचा वर्तमानकाळ

ॲडम्सटाउन, डब्लिन
१० जानेवारी २०२१

तीर्थस्वरूप देवदत्तमामा यांस,
मुक्ताचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि कानात यंत्र घालायचं नाही, म्हणून हे पत्र. लिहून त्याचा फोटो पाठवते आहे, चष्मा लावून वाचा. नवीन घर छान आहे. स्टेशन अगदी समोर, पण जायचं कुठे? लॉकडाउनमुळे पाच किलोमीटरपुढे पाऊल टाकायचं नाही असा हुकूम आहे. गंधारची स्टॉकहोमची बदली लटकलेलीच, आणि माझं स्वीडिशही.

त्यावरूनच लिहायला बसले. ट्रलीला हॉस्पिटलात नोकरी करताना ज्यांच्या माडीवर मी दोन वर्षं राहिले त्या ब्रिताबाई तुम्हाला आठवत असतील. स्वीडनहून लग्न होऊन इकडे आयर्लंडात, केरी परगण्यात आलेल्या, मला स्वीडिश शिकवणाऱ्या. परवा त्यांच्या शेजारच्या नोरीनचा फोन आला. म्हणाली, एरवी म्हातारी अगदी ग्रँड, म्हणजे ठणठणीत आहे, पण सप्टेंबरात तू गेलीस तेव्हापासून रोज संध्याकाळी दोन ताटल्या मांडते, दाराची कडी काढून ठेवते आणि मुक्ता येते आहे म्हणून सांगते. नोरीनला हल्ली त्या घरात पाऊल टाकायची भीती वाटते. बोलता बोलता बाई मधेच थांबतात आणि दाराकडे बघून मान हलवतात म्हणे.

मामा, मी फक्त निरोप घेतला होता हो. कामाला निघताना रोज जिन्यावरून 'येते' म्हणून ओरडायची सवय. घरातून निघताना 'जाते' कसं म्हणायचं? स्वीडिश शिकायला लागल्यावर त्याचंच 'या कॉम्मेर', म्हणजे 'मी येते', केलं. सामान गाडीत भरून कायमची निघाले तेव्हाही तेच म्हटलं. माझं व्याकरण चुकलं का?

लोभ आहेच, तो फोटोत नीट उमटावा इतकीच विनंती.
तुमची,
मुक्ता


पुणे
१४ जानेवारी २०२१

चि. सौ. मुक्ता हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद. तिळगूळ घे, कागदावरचा का होईना.

व्याकरण चुकलं नाही, हीच पंचाईत आहे. स्वीडिशांकडे आपल्या 'येईन'सारखं भविष्यकाळाचं वेगळं रूपच नाही. मनात बेत असेल तर 'स्का' लावायचं. तुझा बेत असो वा नसो, जे होणारच त्याला 'कॉम्मेर अत्त', उदाहरणार्थ पाऊस आणि टक्कल. आणि जे ठरलं, ज्यात आता बदल नाही, ते सरळ वर्तमानकाळात. गाडी उद्या सुटते. मी शुक्रवारी येते. आपणही तसं बोलतोच की. तू 'स्का' म्हणाली असतीस तर बाईंनी हसून सोडून दिलं असतं. तू चक्क शब्द दिलास.

मी स्वीडनमध्ये, वेस्तरोसला नोकरीत नवा होतो तेव्हा एकदा साहेबाला असंच 'या कॉम्मेर' म्हणून घरी गेलो. तो बिचारा ऑफिस उघडं ठेवून माझी वाट बघत बसला. दुसऱ्या दिवशी जे ऐकून घेतलं ते स्वीडिश मात्र पक्कं लक्षात राहिलं.

गाढवे, दोन वर्षं तू रोज सकाळी 'येते' म्हणालीस आणि रोज संध्याकाळी आलीस. तिने विश्वास ठेवला तर दोष कोणाचा? फोन कर आणि म्हण, 'या कॉम्मेर इंते', म्हणजे मी येत नाही. भीड बाळगू नकोस.

जावईबापूंना आशीर्वाद. लोभ वाढवायला जागा उरलेली नाही, आहे तेवढा सांभाळ.
तुझा,
देवदत्तमामा


ॲडम्सटाउन
२ फेब्रुवारी २०२१

तीर्थस्वरूप मामांस,
शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. गंधारला कोरोना झाला. आता बरा आहे, पण नाकाला कसलाही वास येत नाही. मी केलेली आमटी निमूट खातो, हा त्यातला फायदा. दोघंही घरात कोंडलेलो आहोत.

ब्रिताबाईंना फोन केला होता. पण तोंडावर 'येत नाही' म्हणायचा धीर झाला नाही. 'या स्का कॉम्मा' म्हणाले, म्हणजे यायचं मनात आहे, बंदी उठली की. त्यांनी मला शिकवताना थांबवायच्या तसंच थांबवलं आणि वाक्य दुरुस्त करून दिलं. 'दू कॉम्मेर.' तू येतेस.

आणि आता नोरीन काय सांगते ते ऐका. बाईंना न्यूमोनिया झाला आहे. हॉस्पिटलात जायला तयार नाहीत. डॉक्टर म्हणाले होते, दोन दिवस काढले तरी खूप. त्याला आठवडा उलटला. अन्न नाही, नाडी हाताला लागत नाही, ओठ निळे पडलेत, आणि बाई ओव्हरकोट घालून दारासमोर खुर्चीत ताठ बसलेल्या. नर्सने आडवं व्हायला सांगितलं तर म्हणतात, मला आत्ता जाता येत नाही, मुक्ता येते आहे.

ट्रलीतल्या पहिल्या हिवाळ्यात मला ताप आला तेव्हा याच बाई तीन रात्री माझ्या उशाशी बसल्या होत्या. मी 'येत नाही' म्हटलं की त्या जातील, मामा. मला पक्कं कळतंय. आणि मी ते म्हटलंच नाही तर तशाच बसून राहतील. काय करू?

तुमच्या उत्तराची वाट पाहते. माया असू द्या.
मुक्ता


पुणे
५ फेब्रुवारी २०२१

चि. मुक्तास आशीर्वाद.

आज थट्टा नाही. ती तुझ्या एका क्रियापदात अडकली आहे, आणि ते तुझ्याशिवाय कोणाला मागे घेता येणार नाही. तुझा जीव आहे ना तिच्यावर? मग सोडव तिला. आजच.

माझं चित्त तुझ्याजवळ आहे.
देवदत्तमामा


ॲडम्सटाउन
७ फेब्रुवारी २०२१

तीर्थस्वरूप मामांस,
शि. सा. न. वि. वि.

काल फोन केला. नोरीनने तो त्यांच्या मांडीवर ठेवला. श्वास ऐकू येत होता. दोन श्वासांमध्ये इतका वेळ जायचा की वाटायचं, संपलं. मी म्हटलं, 'या कॉम्मेर इंते'. रडत म्हटलं, पण चुकले नाही. त्यांनी विचारलं, नक्की? मी म्हटलं, नक्की. त्या म्हणाल्या, बरं झालं सांगितलंस, पाय फार दुखले गं. मग कोटाची बटणं काढल्याचा आवाज आला.

आणि मग, मामा, त्या स्वच्छ मराठीत म्हणाल्या, 'येते'. मी जिन्यावरून म्हणायची त्याच सुरात.

समोरून कोणी 'येते' म्हटलं की आपण काय म्हणतो? विचार करावाच लागत नाही. माझ्या तोंडून 'या' निघून गेलं. नोरीन म्हणते, बाई हसल्या, आपल्या पायांनी चालत पलंगापर्यंत गेल्या, आडव्या झाल्या आणि गेल्या.

रात्रभर मी एकाच गोष्टीचा विचार करते आहे. स्वीडिशमध्ये नुसतं 'या' म्हटलं तर ते 'हो'. त्यांनी माझं बोलणं त्यांच्या भाषेत ऐकलं असेल की आपल्या? कुठल्याही भाषेत धरलं तरी मी त्यांना नको म्हटलेलं नाही.

आज दुपारपासून घरात धुराचा वास आहे. केरीत शेकोटीत दलदलीतून काढून वाळवलेल्या मातीच्या, पीटच्या ढेपा जाळतात ना, तो. बाईंच्या शालीला, पुस्तकांना, सगळ्याला तोच वास असायचा. आमच्या या नव्या वसाहतीत एकाही घराला धुराडं नाही. मला वाटलं, मनाचे खेळ. पण जेवताना गंधारनेच विचारलं, काही जळतंय का. त्याला अजून कॉफीचाही वास येत नाही, मामा.

भीती वाटते का, असं विचाराल. वाटते. पण आपण 'या' म्हणायचं आणि वर दार लावून घ्यायचं, हे मला जमणार नाही. हे लिहिते आहे आणि गंधार खालून ओरडतो आहे की पुढचं दार कोणी उघडं टाकलं, गार वारा येतोय, लावू का. मी त्याला म्हटलं, थांब जरा.

आम्हां तिघांवर लोभ असावा, ही विनंती.
तुमची,
मुक्ता