सहा रिकाम्या खाटा

दि. ९ मार्च

ती. दादास, सा. न. वि. वि.

बाबांना कुणी मारलं, असं तू फोनवर विचारलंस आणि मी फोन ठेवून दिला. आता लिहिते. टेम्पोनं बाबांना खालच्या वस्तीतल्या त्यांच्या शिलाईच्या दुकानासमोरच उडवलं. ॲम्ब्युलन्स चार मिनिटांवरच्या आमच्या हॉस्पिटलकडे निघाली. आई गाडीत होती. ड्रायव्हरनं फोन केला तेव्हा स्विचबोर्डवर मी होते.

खालच्या वस्तीतला जखमी असला की जागा नाही म्हणून सांगायचं, हा अधीक्षकांचा तोंडी हुकूम. तीन वर्षं सांगत आले, त्या दिवशीही सांगितलं. समोरच्या फलकावर सहा खाटा रिकाम्या दिसत होत्या. नदीपलीकडच्या दवाखान्यात पोचायला पन्नास मिनिटं लागली. त्या गाडीत बाबा होते आणि ते वाटेतच गेले, हे मला जेवणाच्या सुट्टीत कळलं.

काय हवं ते बोल. ऐकून घेईन.

तुझी धाकटी

दि. १६ मार्च

चि. धाकटीस आशीर्वाद. (हा शब्द लिहायला वेळ लागला.)

पत्र क्रेनच्या केबिनमध्ये वाचलं. पाळी संपेपर्यंत खाली उतरलो नाही. आधी वाटलं, तुझं तोंड पाहू नये. मग वाटलं, त्या अधीक्षकाची हाडं मोडावीत. पण त्याच्यासाठी गाडी दोन मिनिटांत येईल आणि खाटही मिळेल. म्हणून त्याला असं मार, की त्यावर इलाजच नसेल. आणि आईला तूच सांगायचंस.

दादा

दि. २ मे

ती. दादास, सा. न. वि. वि.

आईला सांगितलं. दोन दिवस माझ्या हातचं जेवली नाही. तिसऱ्या दिवशी, माझ्या तक्रारीवरून लागलेल्या चौकशीला माझ्याबरोबर आली.

अधीक्षक निर्धास्त होते. म्हणाले, चूक ऑपरेटरची. मी लगेच कबूल केली. मग स्विचबोर्डवरचं रेकॉर्डिंग लावायला लावलं. एकदा मी त्यांनाच फोन करून विचारलं होतं, बाई जखमी आहे, काय सांगू? ते हसून म्हणाले होते, वस्ती कुठली ते आधी विचारत जा. ते हसू भरल्या खोलीनं ऐकलं. त्यांची नोकरी गेली, खटला उभा राहतोय. आरोपींत माझंही नाव आहे. मीच घालायला लावलं; हुकूम त्यांचा आणि पाळला मी, असं दोघांचंही नोंदलं गेलं, की त्यांना सगळं माझ्यावर ढकलून सुटता येणार नाही.

चौकशीच्या खोलीबाहेर अधीक्षकांनी हात जोडले, आपल्या मुलींचं नाव काढलं. आईनं त्यांना बाकावर बसवलं आणि गाडीत बाबा काय काय बोलले, कधी बोलायचे थांबले, सगळं सावकाश सांगितलं. भोवती वस्तीतली माणसं उभी होती, त्यामुळे त्यांना उठता येईना. ते रडले. दादा, मला फार बरं वाटलं.

माझ्यावर माया उरली असेल तर दोन ओळी टाक. नसेल तर आईला तरी लिहीत जा.

धाकटी