एक आण्याच्या तिकिटावरची रेघ

मी, शिवशरण त्रिंबक शेटे, वय ७१, धंदा किराणा, राहणार दिंद्रुड, ता. माजलगाव, जि. बीड, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाखाली नव्हे तर राजीखुशीने, माझ्याच हाताने लिहीत आहे. डोके शाबूत आहे. या फेब्रुवारीत मोतीबिंदू काढल्यापासून दिसतेही चांगले.

१. पत्नी शिवम्मा वारली. वारस दोन: मुलगा केदारनाथ आणि त्याच्याहून पाच वर्षांनी लहान मुलगी शिवकन्या, तलवाड्याला दिलेली.

२. दुकानातला काटा व वजने चुलतभाऊ बंकट यास द्यावीत. त्याची स्वतःची कधीच खरी नव्हती.

३. माझ्याकडे निजामाच्या जुन्या टपाल तिकिटांचा अल्बम आहे. १९७८ साली त्यातल्या एक आण्याच्या दोन काळ्या तिकिटांपैकी एकावरची खालची रेघ मला जाड दिसली. केदारनाथ म्हणाला, "शिवीनं टाकानं गिरवली. म्या सोता पाह्यलं." शिवकन्या म्हणाली, "आप्पा, दुसऱ्या तिकिटावर बी तशीच हाय. भिंग लावून बघा की." मी बघितले नाही. तिला दहावीतून काढले, त्याच उन्हाळ्यात लग्न लावले आणि तिच्या सासूला बजावले, हिच्या हाती किमती वस्तू देऊ नका. सासूने ते मनावर घेतले. सतरा वर्षे झाली, त्या घरातल्या कपाटाची किल्ली शिवकन्येला मिळालेली नाही.

४. ऑपरेशननंतर डोळ्यांत औषध घालायला तीच महिनाभर येऊन राहिली. एका दुपारी ती स्वयंपाकघरात असताना मी अल्बम उघडला. दुसऱ्या तिकिटावर तीच रेघ, त्याच जागी, तेवढीच जाड. छपाईची प्लेट झिजली की कारागीर रेघ पुन्हा कोरतो. मग त्या जागी छापलेल्या प्रत्येक तिकिटावर ती दुरुस्ती उमटते. हे मला तेव्हाही माहीत होते. केदारनाथला विचारले. "भिंग तुमी तिलाच देत होता," एवढेच बोलला.

५. माझे स्वकष्टार्जित घर व दुकान शिवकन्येला. केदारनाथ तिथे पगारी नोकर म्हणून राहू शकेल. मात्र माझ्या मृत्यूनंतर महिन्याच्या आत त्याने तलवाड्याला जाऊन, तिच्या सासूपुढे दोन्ही तिकिटे व भिंग ठेवून, आपण खोटे बोललो हे स्वतःच्या तोंडाने सांगावे. माझे मित्र, निवृत्त पोस्टमन रामहरी, सोबत जातील. केदारनाथ न गेल्यास सगळे गावच्या मठाला, शिवकन्येलाही काही नाही. ती मऊ आहे, भावाला कबुलीशिवायच सोडून देईल. म्हणून तिलाही या अटीत बांधले आहे.

६. माझ्या वतीने कोणी माफी मागू नये. त्या दुपारी अल्बम उशीखाली होता. शिवकन्येने दोन थेंब घातले, पदराने गाल पुसला आणि विचारले, "आप्पा, आता दिसतंय का नीट?"

"न्हाई," मी म्हणालो.

वरील मजकूर मी स्वतः वाचून पाहिला आहे. अक्षर न् अक्षर मला स्वच्छ दिसत आहे.

सही: शिवशरण त्रिंबक शेटे

साक्षीदार: १. रामहरी भोसले, निवृत्त पोस्टमन
२. आप्पाराव कदम, शेती

दिंद्रुड, ११ डिसेंबर १९९५